आयसिंगमधल्या अंड्याची ये-जा

बिस्किटांवर नक्षी काढायचं खरं आयसिंग अंड्याच्या पांढऱ्याचं, आणि एगलेस म्हणजे अंडं न खाणाऱ्यांसाठी केलेली तडजोड, असा बेकिंग शिकणाऱ्या बहुतेकांचा समज असतो. त्या पांढऱ्याच्या आयसिंगचं ‘रॉयल आयसिंग’ हे नावच एवढं भारदस्त की बाकीची सगळी आयसिंगं त्यापुढे ओशाळून बसावीत. पण साखरेच्या या लेपाची वंशावळ काढायला घेतली, की सुरुवातीच्या पंगतीत अंड्याला मानाचं पान नव्हतं हे लक्षात येतं.

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या श्रीमंत घरी मेजवानीच्या शेवटी ‘मार्चपेन’ मांडलं जाई. बदाम आणि साखर वाटून थापलेली, भाजलेली ती मोठी चकती. तिच्यावर जो पांढरा लेप चढे तो गुलाबपाण्याचा आणि दोनदा शुद्ध केलेल्या साखरेचा. लेप भज्यांच्या पिठाइतका दाट कालवायचा, पक्ष्याच्या पिसाने चकतीवर सारवायचा आणि चकती पुन्हा भट्टीत सरकवायची. लेप पांढराशुभ्र फुगून कोरडा झाला की बाहेर काढून वर खडीसाखरेसारखे गोड दाणे खोचायचे. ह्यू प्लॅट याच्या 1602च्या ‘डिलाइट्स फॉर लेडीज’ या पुस्तकात अंड्याचा पांढरा भेटतो, पण ‘हेही चालेल’ अशा सुरात.

या कामात खरा घाम काढी ती साखर. ती तेव्हा शंकूच्या आकाराच्या ढेपांनी येई. निळ्या कागदात गुंडाळलेली, म्हणजे आणखी पांढरी दिसावी. लोखंडी चिमट्याने तिचे तुकडे पाडायचे, खलात कुटायचे, मग बारीक चाळणीतून वस्त्रगाळ करायचे. आज पाकीट फोडून चमच्याने काढतो ती पिठीसाखर तेव्हा मोलकरणींच्या मनगटातून यायची.

अंड्याचं बस्तान बसलं ते अठराव्या शतकात. एलिझाबेथ रॅफल्ड ही आधी एका मोठ्या घराची कारभारीण होती. पुढे तिने मँचेस्टरला मिठाईचं दुकान काढलं. 1769 साली आलेल्या तिच्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा, अशी आजही ओळखीची वाटणारी रचना आहे. वरच्या थराचं माप असं : दोन पौंड, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम साखर, दोन औंस बारीक स्टार्च आणि पाच अंड्यांचा पांढरा. पांढरा कथलाच्या थाळीत सुरीने अर्धा तास फेटायचा, मग साखर थोडी थोडी घालायची.

एवढी मेहनत कशासाठी? पांढऱ्यातली प्रथिनं फेटताना उलगडतात, हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि सुकल्यावर साखरेच्या कणांना जाळ्यासारखी बांधून टाकतात. लेप खडखडीत कडक होतो, वजन पेलतो, त्याच्या उभ्या कडा ढासळत नाहीत. मजल्यावर मजले चढवलेल्या केकांना हे गुण हवेच होते. फेब्रुवारी 1840मध्ये राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं, तेव्हाचा केक सुमारे तीनशे पौंडांचा होता. अशा केकांनी अंड्याच्या आयसिंगची प्रतिष्ठा वाढवली, आणि त्या प्रतिष्ठेच्या भरात बिस्किटांवरही तेच आलं. वास्तविक अंडं आलं होतं बांधकामासाठी. तळहातावर मावणाऱ्या बिस्किटावर कसलं बांधकाम? जर्मन घरांतून नाताळच्या साध्या बिस्किटांवर पिठीसाखर आणि लिंबाचा रस एवढाच लेप लावायची रीत आहे, आणि तेवढ्याने काम भागतं.

अंड्याला रजा द्यायची तर त्याची थोडी कामं दुसऱ्या कुणी उचलायला हवी होती. ती उचलणारे दोघे एकोणिसाव्या शतकात तयार झाले. सेंट पीटर्सबर्गच्या किर्खहॉफने 1811 साली स्टार्च पातळ आम्लात उकळून गोड पाक मिळवला. आजच्या लिक्विड ग्लुकोजचा आणि कॉर्न सिरपचा तो पूर्वज. दुसरं कॉर्नफ्लोअर : 1842मध्ये अमेरिकेत थॉमस किंग्जफर्डने मक्यातून शुद्ध स्टार्च काढायची रीत बसवली. रॅफल्डबाईंच्या मापातला स्टार्च असा नव्या रूपात पाकिटात येऊन बसला. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून साधारण तीन टक्के कॉर्नफ्लोअर असतं. याच सुमारास, 1837 साली, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बायकोला अंडी सोसत नाहीत म्हणून स्टार्चवर दाट होणारं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं होतं. ॲलर्जीपायी अंडं वगळायची वाट घरच्याच स्वयंपाकघरातून निघाली ती अशी.

दुसरं कारण भीतीचं. डिसेंबर 1988मध्ये एडविना करी या ब्रिटिश उपमंत्र्यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनाला साल्मोनेला जंतूंची लागण झाल्याचं विधान केलं. एवढा गदारोळ उठला की दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण कच्च्या अंड्याकडे पाहायची नजर बदलली ती बदललीच, आणि पारंपरिक रॉयल आयसिंगमधलं अंडं कच्चंच असतं. बेकऱ्यांनी पाश्चराइज्ड भुकटी जवळ केली. घरी करणाऱ्या अनेकांनी साखर, दूध आणि कॉर्न सिरप यांवर भागवलं.

आपल्याकडचं कारण तिसरंच. इथे जंतूंचं नाव न काढताही ‘एगलेस आहे ना?’ हा प्रश्न काउंटरवर आधी येतो. श्रावण, चतुर्थी, जैन शेजारी, सोवळं पाळणारी आजी, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. पाकिटावरच्या खुणेच्या नियमात दूध आणि मध हिरव्या बाजूला, अंडं मात्र मांसाहारात. त्यामुळे आयसिंगमध्ये अंड्याची भुकटी चिमूटभर पडली तरी हिरवा ठिपका जातो. ‘मेरिंग पावडर’ विकत घेताना हे ध्यानात ठेवावं. तिच्यात वाळवलेला पांढराच असतो.

आता प्रत्यक्ष काम. एक कप, म्हणजे सुमारे 120 ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घ्या. त्यात दोन चहाचे चमचे दूध घालून गुठळ्या मोडेपर्यंत घोटा, मग दोन चमचे लिक्विड ग्लुकोज आणि बदामाच्या इसेन्सचे दोन-तीन थेंब. मिक्सरवर घरी दळलेली पिठीसाखर असेल तर चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा. बालुशाही किंवा चिरोटे पाकवताना आपण साखर आधी विरघळवतो, आटवतो आणि तिला पुन्हा जमायला लावतो. इथे विस्तव लागत नाही. थोडी साखर दुधात विरघळते, बाकीचे कण त्या पाकात तरंगत राहतात आणि पाणी उडालं की एकमेकांना चिकटतात. ग्लुकोज साखरेचे मोठे स्फटिक बनू देत नाही, म्हणून वरची कड सुकली तरी चकाकी टिकते आणि दाताखाली लेप खडबडत नाही.

कडेची रेघ दाट आयसिंगची, आतला भराव पातळ. भरावाची परीक्षा सुरीने घ्यायची : वाडग्यातल्या आयसिंगवर रेघ ओढली की दहा आकडे मोजेपर्यंत ती मिटली पाहिजे. त्याआधी मिटली तर आयसिंग बिस्किटावरून ओघळेल, मग साखर वाढवा. रेघ तशीच राहिली तर दूध, तेही थेंबाथेंबाने. वाळायला रात्र लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात साखर हवेतलं पाणी ओढते, तेव्हा पंख्याखाली ठेवूनही लेप चिकट राहू शकतो.

बिस्किटांच्या भिंती जोडून घर उभं करायचं असेल किंवा केसासारखी बारीक जाळी काढायची असेल, तर मात्र हा लेप पुरत नाही. त्यावरही तोड निघाली आहे. 2014मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवलं की कडधान्यं उकडल्यावर उरलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी काबुली चण्याच्या पाण्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव दिलं. छोल्यांचं पाणी आटवून दाट करा, गार झाल्यावर आयसिंग शुगरबरोबर फेटा, भिंती जोडल्या जातात. त्या पाण्यात मीठ, सोडा किंवा चहाची पुरचुंडी आधी टाकलेली नसावी, एवढंच.