ग्रेंडायझर: धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं त्याची गोष्ट

गाडीत ऐकत असाल तर शारजाच्या रांगेत अडकलेले असणार. म्हणजे मला सांगायला वेळ आहे आणि तुम्हाला ऐकायला.

२०२४ च्या जुलैत आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक भांडण सुरू झालं आणि जवळजवळ तीन महिने टिकलं. विषय पगारवाढ नव्हता, क्रिकेटही नव्हतं. एका बाजूला बैरूतमध्ये वाढलेला, पन्नाशी ओलांडलेला आमचा फायनान्सवाला. दुसऱ्या बाजूला पंचविशीतला एक अमिराती डेव्हलपर. आणि मध्ये जपानी कार्टूनमधला एक शिंगवाला यंत्रमानव! दर आठवड्याला 'ग्रेंडायझर यू'चा नवा भाग यायचा आणि दुसऱ्या दिवशी करक चहा गार होईपर्यंत वाद चालायचा. थोरला म्हणायचा, "माझ्या बालपणाचा चोथा केलाय." धाकटा म्हणायचा, "तुम्ही कार्टून बघत नाही, फोटो अल्बम बघताय."

मला आधी हसू आलं. मग माझ्या सवयीप्रमाणे मी इतिहास शोधायला बसलो.

गंमत अशी, की ज्याला थोरला 'मूळ' म्हणत होता तेच मुळात एक उपकथानक. एमबीएच्या वर्गात आम्हाला स्पिन-ऑफ म्हणजे मोठ्या कंपनीतून फुटून निघालेली छोटी कंपनी असं शिकवलं होतं. इथेही तसंच. डिसेंबर १९७२ मध्ये जपानी टीव्हीवर गो नागाई यांचा 'माझिंगर झेड' आला. अजस्र यंत्रमानवाच्या डोक्यात बसून माणसाने तो चालवायचा, ही कल्पना त्याने रुजवली. त्याचे ९२ भाग झाले, पाठोपाठ 'ग्रेट माझिंगर'चे ५६. मग ५ ऑक्टोबर १९७५ ला 'यूएफओ रोबो ग्रेंडायझर' सुरू झाला आणि ७४ भाग चालला. त्याच वर्षी जुलैत तोएई कंपनीने तबकड्यांच्या लढाईवर एक छोटा चित्रपट काढून पाहिला होता. आमच्या भाषेत पायलट प्रोजेक्ट.

या तिसऱ्या मालिकेत माझिंगरचा नायक कोजी आहे, पण दुय्यम. स्वतःचा यंत्रमानव सोडून छोट्याशा तबकडीत बसून तो नव्या नायकाच्या मागे मागे उडतो. माझिंगरच्या चाहत्यांना हे आजही खटकतं. त्यात १९७६ च्या एका चित्रपटात शत्रू 'ग्रेट माझिंगर' पळवतो आणि ग्रेंडायझर त्याला हरवतो. घरातल्या थोरल्याला धाकट्याकडून मार खायला लावणं! तेव्हा स्पिन-ऑफच्या दर्जावरची भांडणं काही आजची नाहीत.

जपानबाहेर मात्र सगळं उलटं झालं. इटलीत एप्रिल १९७८ मध्ये आणि फ्रान्समध्ये ३ जुलै १९७८ ला पोचला तो आधी ग्रेंडायझर. फ्रान्समध्ये त्याचं नाव 'गोल्डोराक'. पुढच्याच वर्षी 'पारी माच' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतलं. त्या मुलांना माझिंगर नावाचा कुणी दादा आहे हे ठाऊकच नव्हतं.

अरबी जगाचंही तेच. १९७५ पासून लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं, आणि त्याच देशात ग्रेंडायझरचं अरबी डबिंग झालं. नायकाला आवाज दिला जिहाद अल-अत्रश यांनी, शीर्षकगीत गायलं सामी क्लार्क यांनी. डबिंग बोलीभाषेत नव्हतं, शुद्ध ग्रांथिक अरबीत होतं, म्हणून कुवेतपासून मोरोक्कोपर्यंत सगळ्यांना कळलं. आपल्याकडे एखादा यंत्रमानव ऐतिहासिक नाटकातल्या मराठीत शत्रूला ललकारतोय अशी कल्पना करा! जपानी दाइसुके इथे 'दायस्की' झाला. फ्लीड ग्रहाचा हा राजपुत्र. शत्रूने त्याचा ग्रह उद्ध्वस्त केलेला, पृथ्वीवरच्या एका शास्त्रज्ञाने त्याला मुलगा म्हणून वाढवलेलं. तो एरवी कुरणावर गुरांची, घोड्यांची कामं करतो आणि संकट आलं की तबकडीकडे धावतो. आमचा फायनान्सवाला हे इमारतीच्या तळघरात, जनरेटरवर चालणाऱ्या टीव्हीवर बघायचा. घर गमावलेला नायक त्याला समजावून सांगायची कुणाला गरज पडली नाही.

ही माया किती टिकली याचा पुरावा रियाधमध्ये आहे. २०२२ च्या अखेरीस तिथे ग्रेंडायझरचा ३३.७ मीटर उंच धातूचा पुतळा उभा राहिला आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. नव्या मालिकेमागेही सौदीची मांगा प्रॉडक्शन्स ही कंपनी आहे. दिग्दर्शक मित्सुओ फुकुदा, पात्ररचना योशियुकी सादामोतो यांची. नावं भारदस्त, पण भाग फक्त १३.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. थोरला चित्रांच्या दर्जाला नावं ठेवतो, आणि काही प्रसंगांत चित्रं कच्ची आहेतच. धाकटा म्हणतो लढाया चुरचुरीत आहेत, पात्रं देखणी आहेत, तेही खरं. पण ७४ भागांत दायस्की गवत उचलताना, गप्प बसलेला, उगाच आकाशाकडे बघताना दिसतो. १३ भागांत त्या रिकाम्या दिवसांना जागा कुठली? आमच्या धंद्यातही क्लायंट तीन वर्षांचं काम सहा महिन्यांत मागतो, तेव्हा आधी अशाच गोष्टी गळतात ज्या रिक्वायरमेंटमध्ये कुणी लिहिलेल्या नसतात.

आता थोडं घरचं. मी नागपूरचा. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं तेव्हा आमची गल्ली ओस पडायची. किपलिंगने पुस्तक इंग्रजीत लिहिलं, १८९४ साली. त्यातलं जंगल सिवनीचं, म्हणजे आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्यावर मालिका काढली निप्पॉन अ‍ॅनिमेशनने, १९८९ साली, ५२ भागांची. आणि आमच्यापर्यंत ती आली हिंदीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज घेऊन. सिवनीचा वाघ टोकियोमार्गे परत आला होता!

हे मी पॅन्ट्रीत सांगितलं तर फायनान्सवाला उडालाच. हाच मोगली त्याच्या धाकट्या भावंडांनी अरबीत पाहिलेला. दोघांनी मिळून शेरखान कसा गुरगुरायचा ते करून दाखवलं. त्याचा अरबी, माझा नानांचा. डेव्हलपर मान हलवत निघून गेला.

घरी मात्र मी हरलो. चौदा वर्षांच्या मुलाला कौतुकाने 'जंगल बुक' लावून दिलं. पाचव्या मिनिटाला म्हणाला, "बाबा, हे डब आहे. ओरिजिनल जपानी ऑडिओ लाव ना." मी म्हटलं, "अरे, हेच ओरिजिनल." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्या डेव्हलपरकडे पाहायचो.

शेवटी तडजोड झाली. सध्या दर शुक्रवारी रात्री जेवण झालं की आम्ही दोघं जुना ग्रेंडायझर बघतो, अरबीत. फायनान्सवाल्याची सक्त ताकीद आहे, दुसऱ्या भाषेत बघायचा नाही. मला निम्मं कळत नाही. मुलाला शाळेत अरबी आहे, म्हणून तो मध्येच थांबवून मला अर्थ सांगतो, मराठीत. परवा 'वतन' शब्द आला, तिथे तो अडला. देश म्हणू की गाव म्हणू, म्हणाला. आम्ही सध्या चौथ्या भागावर आहोत.