मेंदू बोलतो तेव्हा आत काय घडतं? फंक्शनल एमआरआयची ओळख

फिट आली, पक्षाघात झाला किंवा डोकेदुखी हटत नसली की डॉक्टर मेंदूचा एमआरआय काढायला सांगतात. त्या चित्रात मेंदूची रचना दिसते. गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, हे त्यातून कळतं. पण बोलताना, वाचताना, आठवताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो हे त्यात दिसत नाही. ते शोधण्यासाठी फंक्शनल एमआरआय वापरतात. मशीन साधारण तेच असतं, फक्त मोजणी वेगळी असते.

पूर्वी कसं कळायचं?

१८६१ साली पॅरिसमध्ये डॉ. पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. समोरच्याचं बोलणं त्याला समजायचं, पण स्वतःला बोलता येत नव्हतं. तोंडून जवळपास एकच शब्द निघायचा, 'टॅन'. तो वारल्यावर शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. तो भाग पुढे ब्रोका यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी बोलणं समजण्याशी जोडलेली आणखी मागची जागा दाखवली. अडचण एकच होती. हे सगळं कळायचं ते माणूस गेल्यावर, आणि तेही इजा झालेल्या मेंदूवरून.

मशीन मोजतं काय?

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के वापरतो. जो भाग कामाला लागतो तिथे काही सेकंदांत जास्त ऑक्सिजनयुक्त रक्त येतं. ऑक्सिजन असलेलं आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळं वागतं. शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हा फरक एमआरआयमध्ये पकडता येतो हे दाखवलं. १९९२ पासून माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही आणि क्ष-किरणही वापरत नाहीत.

म्हणजे पडद्यावरचा लाल-पिवळा ठिपका हा विचाराचा फोटो नसतो. माणूस स्वस्थ पडलेला असताना आणि ठरावीक काम करत असताना रक्ताच्या संकेतात किती फरक पडला, याचा तो हिशेब असतो. रंग नंतर कॉम्प्युटरवर भरतात. चित्राचा एकेक चौकोनी कण साधारण २ ते ३ मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो पेशी मावतात. शिवाय रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला ५-६ सेकंद लागतात, पेशींचं काम मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागात चालतं.

दोन भाषांचा मेंदू

घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी. सीमाभागात हे रोजचंच आहे. या भाषा मेंदूत वेगवेगळ्या जागी राहतात का? १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १२ द्विभाषिकांचा अभ्यास केला. दुसरी भाषा मोठेपणी शिकलेल्यांमध्ये ब्रोकाच्या भागात दोन्ही भाषांच्या जागा थोड्या वेगळ्या दिसल्या. लहानपणापासून दोन्ही बोलणाऱ्यांमध्ये त्या बऱ्याच अंशी एकच होत्या. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. भाषा कधी शिकली याबरोबरच ती किती सफाईने येते, यानेही फरक पडतो.

हरियाणातल्या मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात देवनागरी वाचनाचाही अभ्यास झाला. त्यात डाव्या बाजूच्या नेहमीच्या जागांबरोबर उजव्या बाजूचा काही भागही सक्रिय आढळला. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली येतो. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. लिपीच्या या मांडणीशी संशोधकांनी तो निष्कर्ष जोडला.

रुग्णाच्या कामाचं काय?

मेंदूतली गाठ काढण्याआधी बोलण्याच्या जागा कुठे आहेत हे पाहायला ही तपासणी उपयोगी पडते. पक्षाघातानंतर द्विभाषिक माणसाची एक भाषा लवकर परतते आणि दुसरी मागे राहते, असंही घडतं. म्हणून अशी तपासणी असेल तर रुग्ण घरी आणि कामावर कोणत्या भाषा बोलतो, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आधीच सांगावं. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट किंवा शरीरात धातू असेल तर तेही लपवू नये.

२००६ मध्ये ब्रिटनमधील एका तरुणीवरचा अभ्यास गाजला. अपघातानंतर ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती. 'टेनिस खेळताय अशी कल्पना करा' असं सांगितल्यावर मात्र तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखाच बदल दिसला. २०१० मध्ये जाणीव हरवलेल्या किंवा अगदी क्षीण झालेल्या ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५ जणांना असं करता आलं. संख्या लहान आहे, पण त्या ५ घरांसाठी तिचा अर्थ मोठा आहे.

विश्वास किती ठेवायचा?

२००९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी चक्क मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीत आवश्यक दुरुस्ती न करता पाहिलं, तर त्याच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली! हजारो कण एकाच वेळी तपासले की काही निव्वळ योगायोगाने उजळतात, हे त्यांना दाखवायचं होतं. दुसरी चूक उलट्या तर्काची. भीती वाटताना एखादा भाग उजळतो, म्हणून तो उजळला की माणूस घाबरलाय असं ठरत नाही, कारण तोच भाग इतर कामांतही भाग घेतो.

पोलीस तपासाच्या बातम्यांत येणारी 'ब्रेन मॅपिंग' चाचणी मात्र वेगळी. तिच्यात डोक्यावर तारा लावून विद्युत लहरी मोजतात. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संमतीशिवाय अशी चाचणी कुणावरही लादता येणार नाही.

मेंदूच्या कामाचा माग आज जिवंतपणी काढता येतो, ही मोठीच मजल आहे. पण रंगीत चित्र समोर आलं की आधी विचारावं: कोणतं काम करताना, कशाशी तुलना करून आणि किती जणांवर तपासून ते काढलंय?