शर्यतीची माती आणि तिचे शौकीन

चैत्र लागला म्हणजे रिठदच्या परिसरातील काळी राने मोकळी होतात. गहू-हरभरा घरी आलेला असतो, मृगाला अजून अवकाश असतो. अशा रानाकडे पाहून शेतकऱ्याला नांगरणी आठवते, व्यापाऱ्याला भाव आठवतो. शर्यतीच्या शौकिनाला मात्र त्यात पटाची सरळ वाट दिसू लागते. खेळाचा इतिहास लिहिताना जिंकणारांची नावे आवर्जून लिहिली जातात. ज्या मातीवर तो खेळला गेला तिचा, आणि कडेला उभे राहून ज्यांनी तो पाहिला त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. या दोहोंचाच विचार आम्ही आज करणार आहोत. त्यासाठी दोन खेळ घेऊ: एक परदेशातील मोटारसायकलींचा, ज्याला 'स्पीडवे' म्हणतात तो, आणि दुसरा आपल्या विदर्भातील शंकरपट. एकात यंत्र धावते, दुसऱ्यात बैल. तथापि दोन्ही खेळ मातीवरचे, दोन्ही क्षणात संपणारे, आणि दोन्ही गर्दीच्या प्रेमावर जगणारे.

स्पीडवेची गाडी पाहिली तर आपला विश्वास बसणार नाही. पाचशे सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन, इंधन मिथेनॉल, गियर एकच, आणि ब्रेक मुळीच नाही! लंबवर्तुळाकार मातीच्या वाटेवर चार स्वार डावीकडे वळत चार फेऱ्या मारतात. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरू द्यायचे, पोलादी तळ लावलेला डावा पाय जमिनीला टेकवायचा, आणि तोल सांभाळीत पुढे निसटायचे. सुमारे एका मिनिटात निकाल लागतो. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक, चौथ्यास शून्य.

या खेळाच्या जन्मकथेत ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड या गावाला मानाचे स्थान आहे. १५ डिसेंबर १९२३ रोजी तेथे जॉनी हॉस्किन्स यांच्या पुढाकाराने विजेच्या दिव्यांच्या उजेडात अशी शर्यत झाली. ती झाली कोठे, तर शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर! ज्या जागी शेतकरी आपली जनावरे आणि आपले पीक मिरवीत, त्याच जागी मोटारसायकली धावल्या. म्हणजे हा यंत्राचा खेळ शहरी कारखान्याच्या अंगणात नव्हे, शेतकऱ्यांच्या जत्रेत वाढला, हे आपण ध्यानात ठेवावे. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच येथे शर्यत झाली, तेव्हा संयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पट माणसे लोटली. पुढच्याच वर्षी वेंब्ली या प्रख्यात मैदानावर हा खेळ पोहोचला, आणि १९३६ मध्ये तेथेच पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग तीत विजयी झाला.

तिकडच्या शौकिनांचे दोन गुण आम्हाला विशेष वाटतात. पहिला असा, की प्रेक्षक हातात कार्यक्रमपत्रिका आणि लेखणी घेऊन बसतो आणि प्रत्येक शर्यतीचे गुण स्वतः मांडीत जातो. तो नुसता ओरडत नाही, हिशेब ठेवतो. दुसरा असा, की ब्रिटनमध्ये प्रतिस्पर्धी संघांचे चाहते एकमेकांशेजारी उभे राहून शर्यत पाहतात. त्यांना वेगळे कोंडण्याची रीत नाही. फुटबॉलच्या मैदानांवर जे जमले नाही, ते येथे जमले.

इतके असूनही त्यांच्या वाट्याला दुःख आलेच. ज्या मैदानांवर त्यांनी आयुष्य घालविले ती त्यांच्या मालकीची नव्हती. शहरे वाढली, जमिनीचे मोल चढले, आणि एकेक वाट बंद पडू लागली. लंडनच्या विम्बल्डन मैदानावर १९२८ मध्ये सुरू झालेला हा खेळ २००५ मध्ये थांबला. पुढे ते मैदानच पाडले गेले आणि तेथे घरे व फुटबॉलचे मैदान उभे राहिले. कॉव्हेंट्रीजवळच्या ब्रँडन येथेही १९२८ पासूनची परंपरा होती. तेथला शेवटचा हंगाम २०१६ चा. त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये या खेळासाठी नवे राष्ट्रीय मैदान उभे राहिले खरे. पण एका गावचे नवे मैदान दुसऱ्या गावच्या जुन्या मैदानाची भर कशी काढणार? वडिलांचे बोट धरून ज्या कठड्याशी उभे राहावयाचे, तो कठडा काही नव्या ठिकाणी नेता येत नाही.

कोणी म्हणेल, माती काय, कोठेही पसरता येते. पसरता येते, हे खरे. पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २८ जानेवारी २०२४ रोजी सुपरक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेणाऱ्या मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या, त्या अशाच रचलेल्या वाटेवर. पण मातीला मुरावे लागते. पोलंड देशात स्पीडवेचे वेड मोठे. तेथे वॉर्सा येथील राष्ट्रीय मैदानावर एप्रिल २०१५ मध्ये तात्पुरती वाट अंथरून मोठी स्पर्धा भरविली. पन्नास हजारांवर लोक जमले. टोमाश गोलोब या त्यांच्या लाडक्या वीराचा तो निरोपाचा दिवस. परंतु सुटण्याच्या जागची यंत्रणा बिघडली, वाट उखडली, आणि बाराव्या शर्यतीनंतर स्पर्धा गुंडाळावी लागली. लोक संतापले, आणि ते योग्यच होते. मात्र दुसऱ्या वर्षी त्याच मैदानावर स्पर्धा नीट पार पडली. चुकीची वाट दुरुस्त होते. अट एवढीच, की चूक झाली हे प्रथम मान्य करावे लागते.

येथून आपण आपल्या मातीकडे वळू. शंकरपटाला बांधलेले मैदान लागत नाही. हिवाळ्यात गावाजवळचे एखादे सपाट रान निवडावे, ढेकळे फोडावी, दगड वेचावे, की पटाची जागा तयार. हलक्या छकड्याला जोडी जुंपतात, धुरकरी वर बसतो, आणि सेकंदांवर निकाल लागतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटाचे नाव सर्वांस ठाऊक आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक, अशी जोडच पडलेली. पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या वाटेला 'घाट' म्हणतात, रायगडकडे समुद्राची पुळणच वाट होते. जागा निरनिराळ्या, शौक एकच. आणि आपले भाग्य असे, की ही रानं आपली स्वतःची होती. विम्बल्डनकरांसारखे आपल्याला कोणी हुसकावून लावणार नव्हते.

तरीही पट थांबला. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी खेळ करवून घेण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींवरही बंदी घातली. भूक, भय, वेदना यांपासून मुक्तता हा प्राण्यांचाही हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. साडेसात वर्षे पटाची राने मुकी होती. तिकडे जागा गेली. येथे जागा उरली आणि खेळ गेला.

हा खेळ का गेला? न्यायालयाने नेला, असे म्हणणे सोपे आहे. पण आपण स्वतःशी खरे बोलू. शेपूट पिरगाळणे, तुतारीची आर टोचणे, हे न्यायालयाने कल्पनेने लिहिले नव्हते. ते आपण कडेला उभे राहून पाहिले होते, आणि जोडी पुढे गेली की टाळीही दिली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला आपण तूप-हळद लावतो, त्याच जनावराच्या कातडीवरचे व्रण पटाच्या दिवशी आपल्याला दिसले नाहीत. स्पीडवेचा स्वार ब्रेक नसलेल्या गाडीवर बसतो, तो स्वतःच्या इच्छेने. पडला तर त्याने तो धोका जाणून पत्करलेला असतो. बैलाला कोणी विचारलेले नसते. म्हणून यंत्राच्या शर्यतीत जे नियम स्वाराच्या रक्षणापुरते असतात, ते आपल्या शर्यतीत धर्मासारखे पाळले पाहिजेत.

आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, काठी-चाबूक चालत नाही. काहींना हा जाच वाटतो. आम्हाला वाटते, ही अट म्हणजे खेळाने आपल्याला दिलेली दुसरी संधी आहे. परंतु एकटा अधिकारी हजारोंच्या गर्दीत किती हात पाहणार? ते काम शौकिनांचेच. धुरकरी हात उगारतो तो गर्दीच्या भरवशावर. गर्दीने तोंड फिरविले, तर तो हात खाली येईल. विलायतेतील शौकीन पत्रिकेवर गुण मांडतो, तसा आपणही एक हिशेब ठेवावा: जोडी किती सेकंदांत आली हा एक, आणि कशी आली हा दुसरा. आर टोचून पहिली आलेली जोडी आपल्या हिशेबी शेवटची ठरली, तर पुढच्या पिढीला पटाची वाट कोणाकडे मागावी लागणार नाही.

ट्रॅक्टर आले, गोठे रिते होत चालले. अशा काळात ज्याच्या दावणीला अजून पटाची जोडी आहे तो खर्चाकडे न पाहता ती पोसतो, आणि ते प्रेम खोटे नाही. त्या प्रेमाला थोडी लाज आणि थोडी शिस्त यांची जोड मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे. रान आपले आहे. ते पुन्हा मुके होऊ न देणे आपल्याच हाती आहे.