ख्रिस्तपुराणातील पाप आणि मुक्ती

ज्याचे कर्म त्यानेच भोगावे, हे आपल्या मनात इतके मुरलेले आहे की आदामाच्या अपराधाचे फळ साऱ्या मानवजातीने का भोगावे, हा प्रश्न आपणांस सहज पडतो. पाचव्या शतकात पेलाजियसचा आक्षेपही जवळपास हाच होता. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने त्याचे मत त्याज्य ठरविले आणि ऑगस्टिनचा मूळपापाचा विचार पश्चिमी चर्चमध्ये स्थिरावला.

तोच विचार फादर स्टीफन्स यांना साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी मराठी ओवीत आणावयाचा होता. राचोल येथे १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाची भाषा गोड खरी, पण आम्हांस त्याची बांधणी अधिक बोलकी वाटते. ‘पैले पुराण’ आदामाच्या पतनानंतरची प्रदीर्घ प्रतीक्षा सांगते. ख्रिस्तजन्म येतो तो ‘दुसऱ्या पुराणात’. सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ओव्या तारकाची वाट पाहण्यातच जातात!

‘वैकुंठ’, ‘मुक्ती’ हे शब्द स्टीफन्सनी आपल्याच परंपरेतून उचलले. मात्र ही मुक्ती जन्ममरणाच्या फेऱ्यातून नव्हे, आदिपुरुषाकडून वारशाने आलेल्या पापातून. पुनर्जन्म नाहीच, जन्म एकच. मग बाप्तिस्म्याविना गेलेल्या आपल्या आजापणजांचे काय, ही चिंता त्या श्रोत्यांना ओव्या ऐकताना छळत असणारच.