ध चा मा आणि सामायिक फोल्डर

कागदात लबाडीने केलेल्या फेरफाराला मराठीत एक हक्काचा वाक्प्रचार आहे, 'ध चा मा करणे'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत 'धरावे' असे होते, आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. इतिहासकारांना याचा सबळ पुरावा मिळालेला नाही, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. तरीही मराठी माणसाने ही गोष्ट अडीचशे वर्षे जपली. मला वाटते, त्यामागची भीती खरी आहे म्हणूनच. एकच कागद चार हातांतून जातो, आणि वाटेत ज्याच्या हाती लेखणी आहे तो एका अक्षराने सगळा अर्थ फिरवू शकतो. चिठ्ठी कोणी चोरून वाचली अशी तक्रार या गोष्टीत कुठेच नाही. तक्रार आहे ती लिहिण्याची.

आमच्या व्यवसायात हा प्रश्न रोज उभा राहतो, सुदैवाने रक्तपाताविना. रॅफल्स प्लेसपासून चांगी बिझनेस पार्कपर्यंत सिंगापुरातल्या कुठल्याही कचेरीत जा, एक सामायिक फोल्डर असतोच. त्यातली फाइल उघडते, वाचताही येते, पण दोन ओळी बदलून साठवायला गेले की 'परवानगी नाही' असा निरोप झळकतो. मग हेल्पडेस्कला फोन जातो. तिथला मुलगा घाईत असतो. तो 'एव्हरीवन' या नावापुढे 'फुल कंट्रोल'ची खूण करतो आणि पाच मिनिटांत तक्रार मिटते. संगणकाच्या जगात इतक्या स्वस्तात होणारी आणि पुढे इतकी महाग पडणारी दुरुस्ती दुसरी नसेल. दुर्दैव असे, की लिहिण्याचा हक्क नेमका किती आणि कोणाला द्यावा, याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. आपल्याकडेही झालेला आहे.

शिवकालीन पत्र पाहा. वर मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, 'मर्यादेयं विराजते'. मजकुराची हद्द इथे संपली, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा त्या छोट्या शिक्क्याचा अर्थ. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आज आपण नुसत्या 'मंजुरी'साठी वापरतो, पण त्यातल्या मोर्तबाचे काम लिहिण्याचा हक्क बंद करण्याचे होते. लांबलचक कागद एकाला एक चिकटवलेले असत, तेव्हा मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून सांध्यावरही शिक्का उमटवीत. पत्र लिहिणारा चिटणीस वेगळा. राजपत्रातले अधिक-उणे अक्षर तपासून शुद्ध करण्याचे काम सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे. अष्टप्रधानांच्या कानूजाबत्यात ते स्पष्ट सांगितले आहे. जमाखर्च पाहणारा अमात्य आणखी निराळा. पत्रांच्या पाठीवर 'सुरू सूद', 'बार' असे शेरे दिसतात, ते कागद तपासून दफ्तरी नोंदल्याच्या खुणा. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने नोंदवावे आणि मग कागद बंद व्हावा, असा लिहिण्याच्या हक्काचा तुकड्यातुकड्यांनी विचार या लोकांनी केला होता.

आणि तो विचार सोडला की काय होते, तेही पुण्यातच दिसले. १८१८ नंतर कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी पेशव्यांचे दफ्तर ताब्यात घेतले, तेव्हा त्यांना आढळले की नानासाहेब पेशव्यांपासून १७९६ च्या सुमारापर्यंतचे कागद चोख ठेवलेले आहेत. दुसऱ्या बाजीरावांच्या अमदानीत मात्र दफ्तराचा कारकूनवर्ग जवळजवळ मोडून टाकलेला, आणि कागदांचे लोकांनी वाटेल ते करावे, घरी न्यावेत, अशी स्थिती. आमच्या भाषेत सांगायचे तर, एव्हरीवन, फुल कंट्रोल.

संगणकाला हा प्रश्न पडला १९६० च्या दशकात, जेव्हा एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस नावाची प्रणाली बांधली. तिच्यातला एक प्रसंग कॉर्बातोंनी पुढे आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितला आहे. संपादनाचा प्रोग्रॅम काम चालू असताना एक तात्पुरती फाइल तयार करी आणि तिचे नाव नेहमी एकच असे. प्रत्येक माणसाचे कपाट वेगळे आणि एका कपाटात एका वेळी एकच माणूस, हे गृहीत धरले होते, त्यामुळे अडचण नव्हती. पुढे प्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींनी स्वतःच्या सोयीसाठी आपल्या सामायिक कपाटात दोघांना एकदम काम करायची मुभा घेतली. एक दिवस त्यांतला एकजण सर्वांसाठीची रोजची सूचना लिहीत होता आणि दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि मग जो कोणी यंत्रावर येई त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. इथे कोणी चोर नव्हता. दोन प्रामाणिक माणसे, एक सामायिक जागा आणि दोघांनाही लिहिण्याची मोकळीक, एवढेच पुरले.

त्याच मंडळींनी नंतर मल्टिक्सची आखणी केली. १९६५ साली डेली आणि न्यूमन यांनी तिच्या फाइलव्यवस्थेवर एक निबंध मांडला. प्रत्येक फाइलीसोबत एक यादी असावी आणि कोणाला कोणता हक्क आहे ते तिच्यात लिहावे, ही कल्पना त्यात आहे. आजची प्रत्येक परवानगी-यादी हिचीच वंशज. मला त्यात सर्वांत आवडतो तो 'अपेंड' हा हक्क. 'राइट' म्हणजे वाटेल तिथे लिहा, खोडा, बदला. 'अपेंड' म्हणजे फक्त शेवटी भर घाला, मागचे पान हलवू नका. आपल्या रोजकीर्दीचा नियम हाच. कालची नोंद चुकली तर ती खोडायची नाही, आज दुरुस्तीची नवी नोंद करायची. कुठल्याही जुन्या पेढीवरच्या मुनिमाला मल्टिक्सचा हा भाग दोन मिनिटांत समजला असता.

पण मल्टिक्स जड झाली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळा त्या प्रकल्पातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी आटोपशीर युनिक्स लिहिली. आधी मालक आणि इतर एवढेच दोन वर्ग होते. काही वर्षांत मधे गट आला. तिघांना प्रत्येकी वाचणे, लिहिणे, चालवणे असे तीन हक्क, एकूण नऊ खुणा. सुटसुटीतपणाला दाद द्यावी, पण भर घालण्याचा वेगळा हक्क या नऊ खुणांत बसला नाही. आणखी एक मेख राहिली, जी अजूनही नव्या इंजिनिअरांना चकवते. फाइल पुसण्याचा हक्क फाइलीवर नसतो, तो फोल्डरवर लिहिण्याच्या हक्कात येतो. फोल्डर म्हणजे नावांची वही. ज्याला वहीत लिहिता येते त्याला वहीतले नाव खोडताही येते, मग ती फाइल वाचायचीसुद्धा त्याला बंदी का असेना! सामायिक फोल्डरात एकाने दुसऱ्याची फाइल उडवू नये म्हणून १९८६ च्या बर्कली आवृत्तीत 'स्टिकी बिट'ला नवे काम देण्यात आले.

ज्यांनी नव्वदीच्या दशकात नोकरी सुरू केली त्यांना नॉव्हेल नेटवेअर आठवत असेल. त्यात लिहिणे, नवी फाइल करणे आणि पुसणे हे तीन हक्क वेगवेगळे होते. नुसता 'क्रिएट' दिला तर फोल्डर टपालपेटीसारखा होई, आत टाकता येई पण काढता येत नसे. गंमत म्हणजे ज्याला हक्क दिला त्याला नॉव्हेलमध्ये 'ट्रस्टी' म्हणत, म्हणजे विश्वस्त. माझ्या मते इतका नेमका शब्द या क्षेत्रात पुन्हा सापडला नाही.

जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी आली, आणि आजही कचेऱ्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिच्या रचनेत आहे. तिथे दारे दोन. नेटवर्कवरून आत येतानाचे 'शेअर'चे दार आणि आत प्रत्येक फोल्डरवरचे एनटीएफएसचे कुलूप. दोन्ही उघडावी लागतात आणि दोघांपैकी जे कडक असेल ते चालते. आतल्या कुलपाशी तास तास झटणाऱ्या माणसाच्या ध्यानात येत नाही की बाहेरच्या दारावर 'फक्त वाचन' लिहिले आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत बाहेरचे दार आपोआप सर्वांना पूर्ण उघडे असे. २००३ च्या सर्व्हर आवृत्तीपासून ते आपोआप 'सर्वांना फक्त वाचन' झाले. चुकीचा कल ओळखायला दहा वर्षे लागली!

अशा वेळी बघायचे तरी काय? वर्ड, एक्सेल फाइल साठवतात तेव्हा जुन्या कागदावर गिरवत नाहीत. शेजारी तात्पुरती फाइल लिहितात, जुनी काढून टाकतात आणि नवीला जुन्याचे नाव देतात. म्हणजे सीटीएसएसमधली ती तात्पुरती फाइल अजून आपल्यात आहे. त्यामुळे नुसत्या 'राइट'ने भागत नाही, फोल्डरात फाइल करण्याचा आणि पुसण्याचाही हक्क लागतो. तो सगळा 'मॉडिफाय'मध्ये येतो. 'फुल कंट्रोल'मध्ये याशिवाय जास्तीचे काय, तर परवानग्याच बदलण्याची आणि मालकी घेण्याची मुभा. कारकुनाला लेखणी हवी असताना त्याच्या हाती शिक्का देण्यासारखे ते आहे. दुसरे असे, की फाइल त्याच डिस्कवर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली तर ती आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरचे नियम घेते. 'बाकी सगळ्या फाइली उघडतात, हीच एक का नाही', याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. तिसरे, माणसाला गटात घातल्यावर त्याने लॉग-ऑफ होऊन पुन्हा आत यायला हवे, कारण त्याच्या गटांची यादी आत येतानाच लिहिली जाते. आणि हक्क गटाला द्यावा, व्यक्तीला नाही. अष्टप्रधानांत हक्क पदाला होता. माणूस बदलला तरी सुरनिशी राहत असे.

वाचणे आणि लिहिणे यांतला फरक सिंगापूरकरांनी २०१८ मध्ये जाहीरपणे ऐकला. सिंगहेल्थच्या संगणकांत शिरून १५ लाख रुग्णांची माहिती चोरली गेली, त्यांतल्या १ लाख ६० हजार जणांच्या औषधांच्या नोंदीही गेल्या; पंतप्रधान ली श्येन लुंग यांची माहिती तर मुद्दाम शोधली गेली. २० जुलैला सरकारने हे जाहीर केले, तेव्हा निवेदनात आवर्जून सांगितले होते की कोणतीही नोंद बदललेली वा पुसलेली नाही. चोरी लाजिरवाणीच होती. पण एखाद्याच्या रक्तगटाचा किंवा पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा ध चा मा झाला असता, तर ते प्रकरण लाजेवर थांबले नसते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरही याच वाटेने पसरते. ज्याच्या नावाने ते आत शिरते त्याला जिथे जिथे लिहिता येते, तितक्या फाइली ते एका रात्रीत निकामी करते.

परदेशातल्या मंडळांची दफ्तरे आता बहुधा गुगल ड्राइव्हवर असतात. तिथेही फोल्डर उघडणाऱ्याच्या नावावर मालकी राहते, आणि ते नाव पुष्कळदा तीन कार्यकारिणींपूर्वीच्या, आता मेलबर्नला गेलेल्या चिटणिसांचे असते. त्यांनी आपले खाते बंद केले तर सभासदांची यादीही जायची. मालकी मंडळाच्या खात्याकडे घ्यावी. हिशेबाची फाइल खजिनदारांखेरीज सर्वांना फक्त वाचायला द्यावी. घटनेचा मसुदा असेल तर २०१४ पासून मिळणारी सूचना करण्याची सोय वापरावी, म्हणजे सभासद सुचवतील आणि ठेवायचे की नाही ते चिटणीस ठरवतील.

शेवटी एका अशा सामायिक वहीविषयी, जिच्यात आपल्यापैकी अनेकांची नावे आहेत आणि जिच्यात आपल्याला लिहिता येत नाही. गावची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार वहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद लिहितो. तिची प्रत चावडीवर लावतो. संबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी मुदत असते. आणि वेगळा अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. चिटणीस आणि सुरनीस इथे अजून जिवंत आहेत. कच्चा दुवा आहे तो नोटिशीचा. ती जाते दफ्तरातल्या पत्त्यावर, बहुधा आजोबांच्या वाड्याच्या, आणि हरकतीची मुदत बिशानच्या फ्लॅटपर्यंत बातमी पोचण्याची वाट पाहत नाही. सरकारच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडले की चालू फेरफाराच्या नोटिसा इथे बसूनही वाचता येतात. दफ्तरात पत्ता जुना असेल तर पुढच्या गणपतीच्या फेरीत तलाठी कार्यालयात एक चक्कर टाकावी.