पावसात सायकल चालवताय? आधी ब्रेक बघा, मग चेन

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर हा आकडा सतत फिरत असतो. सायकलची धोका पातळी मात्र त्याच्या कितीतरी आधी येते. जूनमध्ये नीट चालणारी सायकल गणपतीपर्यंत करकरायला लागते, आणि दोष पावसाला दिला जातो. खरा दोषी असतो चिखल.

चेनमध्ये नेमकं काय होतं?

चेनला तेलाची गरज बाहेरून नसते, आतून असते. प्रत्येक कडीत एक पिन आणि तिच्याभोवती फिरणारा रोलर असतो. पावसाचं पाणी या दोघांमधलं तेल धुऊन नेतं आणि त्या जागी बारीक माती जाऊन बसते. नदीकाठची काळी असो वा गगनबावड्याकडची तांबडी, तेलात कालवलेली माती पॉलिश पेपरसारखं काम करते. पिन झिजते, चेन लांबते आणि लांबलेली चेन फ्रीव्हीलचे दातेही खाते.

त्यामुळे चिखल लागलेल्या चेनवर वरूनच तेल सोडणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे. आधी कापडाने पुसा, फारच घाण असेल तर रॉकेल किंवा डिग्रीझरमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. मग पायडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा. रात्रभर मुरू दिलं तर उत्तम. सकाळी बाहेरचं तेल पुसून काढा, कारण माती त्यालाच चिकटते.

तेल कोणतं? शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, एका जोरदार सरीत निघून जातं. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात धातूचा चुरा असतो. सायकलच्या दुकानात पावसासाठीचं ‘वेट ल्यूब’ मिळतं, ते घ्या. गंज सोडवायच्या स्प्रेला चेनचं तेल समजू नका.

चेन बदलायची वेळ आली का, हे घरातली १२ इंची फूटपट्टी सांगते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. तिथून मोजलेली २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर बहुतेक वेळा फ्रीव्हीलचाही खर्च येतो.

ब्रेक: इथे चालढकल नको

पन्हाळ्यावरून भर पावसात उतरताना ब्रेक दाबला आणि सायकल तशीच पुढे गेली, तर विचार करायला वेळ नसतो. ओल्या रिमवर पाण्याचा थर असतो. रबराने तो पुसून निघेपर्यंत ब्रेक लागतच नाही. क्रोम केलेल्या स्टीलच्या रिमवर हे सगळ्यात वाईट, ॲल्युमिनियमवर थोडं बरं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करत राहा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा.

आठवड्यातून एकदा ब्रेक रबर बघा. त्यात खडे, धातूचे कण रुतलेले असतात. ते पिनने काढा, नाहीतर ते रिमच कातरतात. डिस्क ब्रेक पावसात जास्त भरवशाचे. फक्त चेनला तेल घालताना डिस्कवर उडू देऊ नका.

पंक्चरही याच दिवसांत जास्त होतात. ओल्या रबरात काच सहज घुसते. घरी आल्यावर टायरवर नजर टाकून रुतलेलं काही असेल तर काढलं, तरी पुष्कळ वाचतं.

प्रेशर मारून धुऊ नका

वॉशिंग सेंटरवर सायकल चकाचक होते खरी. पण हब, हँडल आणि पायडलच्या एक्सलमध्ये ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे असतात. पाण्याचा जोरदार फवारा थेट तिथे घुसतो. बादली, मग आणि जुनं फडकं पुरेसं आहे. पावसाळा संपला की एकदा सगळं खोलून ग्रीस बदलून घ्या. दुकानात याला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण कोल्हापुरात तसं मागितलं तर समोरचा क्षणभर बघत राहील.

आणि सायकल पुरात बुडाली तर?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, दुधाळी, व्हीनस कॉर्नर अशा भागांत पाणी शिरलं होतं. अशी बुडालेली सायकल वरून धुऊन लगेच चालवायची नाही. पुराचा गाळ छर्र्यांपर्यंत पोचलेला असतो आणि चाक फिरलं की तो आतले कोन-कप झिजवतो. हातमोजे घालून, गाळ वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवा. सीट पाइपसकट बाहेर काढा आणि सायकल उलटी करून फ्रेममधलं पाणी ओतून टाका. तशीच एक दिवस वाळू द्या. त्यानंतर दोन्ही हब, हँडल आणि पायडलचा एक्सल खोलून साफ करून घ्या. छर्रे गंजलेले दिसले तर बदला, ते स्वस्त असतात. केबलही बदला, कारण गंज आतून लागतो आणि बाहेरून दिसत नाही. पुन्हा पाणी वाढायच्या बातम्या आल्या तर सायकल आधीच माळ्यावर किंवा गच्चीत नेऊन ठेवा.