नाशिक : दगडावरची दुरुस्ती

प्राचीन नगरात काही दशकांनी परतणारा प्रवासी सहसा हळहळतो. नाशकात आम्हीही हळहळलो. जुने वाडे विरळ झाले आहेत, महामार्गावर उड्डाणपूल उभा आहे, आणि २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदावरीच्या तळाला घातलेल्या काँक्रीटखाली जुनी कुंडे गेली आहेत.

तथापि पूर्वीचे नाशिक स्थिर होते, हा समज त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी टिकू देत नाहीत. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा प्राकृतात, ब्राह्मी लिपीत कोरल्या आहेत. राज्यवर्ष १८ मध्ये त्याने येथील भिक्षूंना २०० निवर्तने जमीन दिली. ती पूर्वी उषवदाताकडे होती. बहुतेक अभ्यासक त्याला क्षत्रप नहपानाचा जावई मानतात. राज्यवर्ष २४ मधील आज्ञा राजा व राजमाता या दोघांच्या नावे आहे. पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही, ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत, असे ती सांगते.

अवघ्या सहा वर्षांत परिस्थिती पालटली, आणि विजेत्या राजाने आपले दान निष्फळ ठरल्याचे दगडावर नमूद होऊ दिले. म्हणून परतलेल्या प्रवाशाने नगर का बदलले, एवढेच विचारून थांबू नये. काय गेले, कोणत्या कारणाने गेले आणि त्याच्या बदल्यात काय दिले, याचा लेखी हिशोब मागावा. तशी परंपरा या नगरापाशी दोन हजार वर्षांची आहे.